रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर काढे, चूर्णे आणि वनौषधींच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६६ असून नऊ वर्षांपासून रक्तदाबाचे औषध चालू आहे. सकाळी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी, रात्री अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, आणि आकडे साधारण १३४/८२ च्या आसपास. गेल्या दोन महिन्यांपासून नातेवाइकांच्या सांगण्यावरून ते अर्जुनसालीचा काढा, लसणाच्या कॅप्सूल आणि शेवग्याच्या पानांची पूड घेत आहेत, आणि खोकल्यासाठी ज्येष्ठमधाची कांडी दिवसभर त्यांच्या तोंडात असते. हे सगळे गोळ्यांबरोबर चालेल का, आणि काढ्याने बरे वाटते आहे तर गोळ्या हळूहळू सोडता येतील का, असे आपण विचारले आहे.

आधी सरळ उत्तर देतो. गोळ्या स्वतःहून सोडू नयेत आणि कमीही करू नयेत. ज्येष्ठमध आजच बंद करावे. लसूण स्वयंपाकात खुशाल असू द्यावा, कॅप्सूलची मात्र गरज नाही. शेवग्याची पूड रक्तातील पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडे कशी काम करतात ते दाखवणारा आकडा) तपासून मगच पुढे चालू ठेवावी. अर्जुनसालीचा काढा डॉक्टरांना सांगून आणि घरी रक्तदाबाची नोंद ठेवून घेता येईल. एकाच घरातल्या चार वनस्पतींची चार वेगळी उत्तरे का, ते आता सविस्तर लिहितो.

मी सत्तावीस वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियन म्हणून काम करतो आहे. माझ्याकडे येणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांपैकी क्वचितच कोणी असा असतो, ज्याच्या घरी एखादा काढा, चूर्ण किंवा कॅप्सूल चालू नाही. त्यात वावगे काही नाही. वावगे इतकेच की ते मला सांगितले जात नाही, कारण रुग्णाच्या मनात ते ‘औषध’ या सदरात मोडतच नाही. ‘दुसरे काही औषध चालू आहे का?’ असे विचारले की उत्तर नाही असेच येते. म्हणून मी आता ‘सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय जाते ते सांगा’ असे विचारतो, आणि मग हळूहळू यादी बाहेर पडते.

वनस्पती सुरक्षित आहे का, हा प्रश्नच अपुरा आहे. ती कोणत्या गोळीबरोबर घ्यायची आहे, घेणाऱ्याची मूत्रपिंडे कशी आहेत आणि ती कोणत्या रूपात पोटात जाते, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. फोडणीतल्या चार पाकळ्या लसूण आणि त्याच लसणाचा आटवलेला अर्क भरलेली कॅप्सूल या औषधाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत.

ज्येष्ठमधापासून सुरुवात करतो, कारण आपल्या वडिलांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. ज्येष्ठमधाच्या मुळात ग्लायसिरायझिन नावाचे द्रव्य असते आणि मुळाचा गोडवा त्याचाच. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक असते. ते मूत्रपिंडात मीठ धरून ठेवण्याची आज्ञा देऊ शकते, पण एरवी तसे होत नाही, कारण तिथे असलेले एक विकर (एन्झाइम) कॉर्टिसॉलला वेळीच निष्क्रिय करते. ग्लायसिरायझिन नेमके त्या विकराला रोखून धरते. मग कॉर्टिसॉल मोकाट सुटते, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात, पोटॅशियम लघवीवाटे बाहेर जाऊ लागते, आणि रक्तदाब चढतो. आपल्या वडिलांच्या गोळीतले क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषध आहे आणि तेही पोटॅशियम कमी करते. म्हणजे ज्येष्ठमध गोळ्यांच्या विरुद्ध दिशेने रक्तदाब वाढवते आणि शिवाय गोळीच्या दुष्परिणामात भर घालते. पोटॅशियम फार उतरले तर पायात गोळे येतात, हातापायांतली ताकद जाते आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

एक प्रसंग सांगतो. गाण्याचे वर्ग घेणाऱ्या अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या तेव्हा तीन गोळ्या चालू असूनही त्यांचा रक्तदाब १७८/१०० होता. आधीच्या दोन भेटींत त्यांच्या गोळ्यांची मात्रा वाढवली गेली होती, त्यातली एकदा मीच वाढवली होती. या वेळी त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, जिना चढताना मांड्या भरून येतात, मध्येच बसावे लागते.’ रक्तात पोटॅशियम २.७ निघाले, ते साधारणपणे ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवे. चौकशीत काही हाती लागेना. शेवटी त्यांनी रुमाल काढायला पर्स उघडली आणि त्यात स्टीलची एक छोटी डबी दिसली. आत ज्येष्ठमधाचे तुकडे होते. सहा-सात महिन्यांपासून आवाज मोकळा राहावा म्हणून त्या दिवसभर एकेक तुकडा चघळत होत्या आणि रस गिळत होत्या. डबी बंद झाली, पोटॅशियम भरून काढले, आणि महिन्याभरात रक्तदाब जुन्याच मात्रेवर आटोक्यात आला. आधीच्या भेटीत मी तो प्रश्न नीट विचारला असता तर वाढीव गोळी लागलीच नसती, याची खंत मला अजून वाटते.

युरोपात ग्लायसिरायझिनची दिवसाची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम मानतात. चांगल्या प्रतीच्या मुळाच्या दोन-तीन ग्रॅममध्येही तेवढे निघू शकते, म्हणजे रोज कांडी चघळणारा माणूस ती मर्यादा सहज ओलांडतो. चार दिवस खोकला झाला म्हणून काढ्यात एखादा तुकडा घातला तर निरोगी माणसाला काही होणार नाही. रक्तदाबाच्या रुग्णाने, त्यातही लघवीची गोळी चालू असणाऱ्याने, ते रोज घेऊ नये. बंद केल्यावरही परिणाम ओसरायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून आपल्या वडिलांचे आजचे आकडे चांगले दिसत असले तरी पोटॅशियमची तपासणी याच आठवड्यात करून घ्यावी.

आता उलट बाजू. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही औषधे पोटॅशियम शरीरात राखतात, आणि स्पायरोनोलॅक्टोन तर त्याहून जास्त. या गोळ्या घेणाऱ्याने बाहेरून पोटॅशियम जास्त घेतले आणि त्याची मूत्रपिंडे थकलेली असतील, तर पोटॅशियम वाढून हृदयाची गती बिघडू शकते. त्याआधी शरीर फारशी सूचनाही देत नाही, हेच त्यातले भय आहे. शेवग्याच्या पुडीचे म्हणाल तर दिवसाकाठी एक चहाचा चमचा फारसा जड नाही, त्यातून थोडेच पोटॅशियम जाते. पण बहुतेक घरांत एवढ्यावर थांबत नाहीत. जोडीला सकाळी शहाळे असते, आणि एका शहाळ्याच्या पाण्यात पाचशे ते सातशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते. कोणी नोनीचा रस आणून दिलेला असतो, त्यातही पोटॅशियम भरपूर. आणि ‘बीपीवाल्यांचे मीठ’ म्हणून आणलेल्या कमी सोडियमच्या मिठात सोडियमचा काही भाग काढून तिथे पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते.

या मिठाबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. चीनच्या ग्रामीण भागात सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास सांगतो की असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण कमी झाले. म्हणजे ते चांगलेच आहे. मात्र मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्या आणि पोटॅशियम राखणारी लघवीची गोळी घेणाऱ्या लोकांना त्या अभ्यासात घेतलेले नव्हते. तेच मीठ एका घरात सासऱ्यांना उपकारक आणि त्यांच्याच क्रिएटिनिन वाढलेल्या भावाला घातक ठरू शकते, आणि डबा मात्र एकच असतो.

याच ओघात पुनर्नव्याचे सांगतो, कारण त्याच्या मागे एक नेहमीचा गैरसमज आहे. अॅम्लोडिपिन घेणाऱ्या काही जणांच्या घोट्यावर संध्याकाळी सूज येते. ‘अंगात पाणी झाले’ असे समजून कोणीतरी पुनर्नव्याचा काढा किंवा गोखरू सुचवतो. पुनर्नवा लघवी वाढवते आणि तिच्यात पोटॅशियमचे क्षारही असतात. पण अॅम्लोडिपिनची सूज अंगात पाणी साचल्याने येतच नाही. बारीक रक्तवाहिन्या सैलावल्यामुळे पाणी पायातल्या पायात झिरपलेले असते, आणि लघवी वाढवून ती सूज फारशी उतरत नाही. डॉक्टरांना सांगितले तर ते मात्रा कमी करतात किंवा सिल्निडिपिनसारखी दुसरी गोळी देतात, आणि काम होते. एका औषधाचा दुष्परिणाम घालवायला दुसरे औषध, आणि त्याचा घालवायला तिसरे, ही साखळी कुठेतरी तोडली पाहिजे.

वनस्पतीने रक्तदाब खरोखर उतरतो का, असे विचारणाऱ्यांना मी नेहमी सर्पगंधेची गोष्ट सांगतो. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे शेकडो वर्षे वापरात होते. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावरील तिच्या परिणामाबद्दल लिहिले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर पद्धतशीर अनुभव घेऊन १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात तो प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रेसरपिन वेगळे काढण्यात आले, आणि आधुनिक रक्तदाबाच्या औषधांतले ते एक सुरुवातीचे औषध ठरले. वकील यांना १९५७ साली वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईत झालेल्या या कामाचा मला मनापासून अभिमान आहे.

पण त्याच गोष्टीचा उरलेला भागही सांगितला पाहिजे. रेसरपिनची मात्रा मिलिग्रॅमच्या दशांशात मोजावी लागते. मात्रा वाढली की नाक चोंदते, नाडी मंदावते, अंगात सुस्ती भरते, आणि काही रुग्णांना खोल उदासीनता येते. ते मेंदूतल्या आणि नसांतल्या संदेशवाहक द्रव्यांचे साठेच रिकामे करते, म्हणून परिणाम उशिरा दिसतो आणि उशिरापर्यंत टिकतो. आज सर्पगंधेच्या वट्या ‘झोपेसाठी’ किंवा ‘बीपीसाठी’ म्हणून सहज मिळतात. मेटोप्रोलोल, अॅटेनोलोल किंवा बिसोप्रोलोल या नाडी मंदावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने ही वटी जोडीला घेतली तर नाडी धोकादायक इतकी मंदावू शकते, आणि क्लोनिडिनबरोबरही तोच धोका आहे. ज्याला पूर्वी कधी नैराश्याचा आजार झाला आहे त्याने तर तिच्या वाटेला जाऊच नये. नाक चोंदले म्हणून अशा रुग्णाने सर्दीची गोळी घेतली तर आणखी एक अडचण उभी राहते, कारण नाक मोकळे करणारी पुष्कळशी औषधे रक्तदाब वाढवतात. सर्पगंधा घ्यायचीच असेल तर ती गोळ्यांच्या ऐवजी की गोळ्यांबरोबर, हा निर्णय एकाच जबाबदार माणसाने घेतला पाहिजे, मग तो वैद्य असो की डॉक्टर. दोघांनी एकमेकांना न कळता घेतलेला निर्णय रुग्णाला भोवतो.

अर्जुनसाल इतकी तीव्र नाही. सालीचा दुधातला क्षीरपाक किंवा पाण्यातला काढा हृदयाच्या विकारांसाठी परंपरेने दिला जातो. त्यावरचे आधुनिक अभ्यास लहान आहेत आणि रक्तदाबावरचा परिणाम, असलाच, तर सौम्य आहे. माझ्या रुग्णांनी तो घेतला तर मी सहसा अडवत नाही. अट एवढीच, की तो घेतला म्हणून गोळी चुकवायची नाही. अर्जुनारिष्ट घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतून तयार झालेले अल्कोहोल असते, साधारणपणे पाच ते दहा टक्के. प्राझोसिन किंवा क्लोनिडिनसारख्या औषधांबरोबर तेवढ्यानेही वयस्कर माणसाला भोवळ येऊ शकते. लसणाने रक्तदाब थोडासा उतरतो हे खरे आहे, पण लसणाचा अर्क रक्तातील बिंबिकांना (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींना) एकमेकींना चिकटू देत नाही, म्हणून अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू असलेल्यांनी कॅप्सूल टाळाव्यात, आणि कोणत्याही शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी त्या बंद कराव्यात. दात काढण्याआधीसुद्धा दंतवैद्यांना सांगावे. अंबाडीच्या बोंडांचे सरबतही रक्तदाब थोडा उतरवते. उन्हाळ्यात एखादा ग्लास ठीक आहे, पण त्याचा आटवलेला अर्क रोज घेणे वेगळे.

अशा सौम्य वस्तूंचा धोका त्यांच्या बेरजेत आहे. गोळ्यांनी रक्तदाब १३० वर आणलेला असतो, त्यावर काढा, त्यावर कॅप्सूल, आणि वर मे महिन्याचा घाम. बसलेले असताना आकडा ठीक दिसतो. रात्री दोन वाजता लघवीला म्हणून माणूस अंथरुणातून एकदम उठतो, रक्तदाब घसरतो, आणि तो न्हाणीघराच्या दारात पडतो. खुब्याचे हाड मोडून आलेल्या किती तरी वृद्धांची सुरुवात अशीच झालेली मी पाहिली आहे. म्हणून ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे, त्यांनी बसून रक्तदाब मोजल्यावर उभे राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना कळवावे.

मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. कारले, मेथी, जांभूळबी यांची चूर्णे साखर उतरवतात. साखर फार खाली गेली की छाती धडधडते आणि हात थरथरतात, आणि त्यावरून माणूस सावध होतो. अॅटेनोलोल, मेटोप्रोलोल या वर्गातली गोळी ती धडधड आणि थरथर झाकून टाकते. घाम मात्र येतो. अशा रुग्णाला अकारण दरदरून घाम सुटला तर आधी साखर तपासावी.

काही वनस्पती स्वतः रक्तदाबाला हात लावत नाहीत, पण गोळीचे शरीरात काय होते ते बदलून टाकतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो याचा एक प्रयोग चालू असताना दारूची चव झाकण्यासाठी ग्रेपफ्रूटचा रस वापरला गेला, आणि औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाली. आतड्यात औषध मोडणाऱ्या विकराला तो रस निकामी करतो, म्हणून जास्त औषध रक्तात उतरते. आपल्याकडे ग्रेपफ्रूट फारसे खात नाहीत, पण पपनस हे ग्रेपफ्रूटच्या दोन जनकांपैकी एक आहे आणि त्यातही तशीच द्रव्ये असतात. गणपतीत पपनसाच्या दोन-चार फोडी खाल्ल्या तर काही बिघडत नाही. निफेडिपिन किंवा फेलोडिपिन चालू असताना रोज त्याचा रस पिऊ नये. आपल्या वडिलांच्या अॅम्लोडिपिनवर हा परिणाम अगदी थोडा होतो. मिऱ्यातल्या पिपेरिनचेही असेच आहे. हळदीच्या कॅप्सूलमध्ये शोषण वाढावे म्हणून ते मुद्दाम घातलेले असते, आणि ते प्रोप्रानोलोल या रक्तदाबाच्या औषधाची रक्तातली पातळी वाढवते असे दिसून आले आहे. आमटीतल्या मिऱ्याची चिंता करू नये. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनी सेंट जॉन्स वर्ट या मन प्रसन्न ठेवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या वनस्पतीबद्दल सावध असावे. ती उलटे काम करते, गोळी लवकर मोडून टाकते, आणि निफेडिपिन किंवा व्हेरापामिल घेऊनही रक्तदाब आवरत नाही.

इसबगोल आणि भिजवलेली मेथी यांचा बुळबुळीत भाग गोळी धरून ठेवू शकतो, म्हणून दोन तासांचे अंतर ठेवावे. रोज रात्री पोट साफ करणारे चूर्ण घेणाऱ्यांनी त्यात सोनामुखी आहे का ते पाहावे, कारण महिनोन्‌महिने जुलाबाचे औषध घेतले की पोटॅशियम उतरते आणि क्लोरथॅलिडोनबरोबर ते आणखी उतरते.

मिठाबद्दल दोन वाक्ये कळकळीने लिहितो. शेंदेलोण, पादेलोण आणि समुद्राचे मीठ ही तिन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत, आणि रक्तदाबाला त्यांच्या रंगाशी काही देणेघेणे नाही. लवणभास्कर चूर्ण जेवणानंतर रोज चमचाभर घेणारे रुग्ण मला सांगतात की आम्ही अळणी जेवतो, तेव्हा मला त्यांना नावातच लवण असल्याची आठवण करून द्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमचाभरापेक्षा कमी मीठ सांगितले आहे, आणि त्यात चूर्णातले मीठही धरायचे आहे.

दुधी भोपळ्याचा रस ‘हृदयाला चांगला’ म्हणून पहाटे पिणारे पुष्कळ आहेत. दुधी कधी कधी कडू निघतो, आणि त्या कडूपणाची द्रव्ये विषारी असतात. त्यांनी जोरदार उलट्या होतात, पोटात रक्तस्राव होतो आणि रक्तदाब एकदम कोसळतो. आपल्या देशात यामुळे मृत्यूही झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू रस अजिबात न पिण्याचा इशारा दिला आहे. रस काढण्यापूर्वी दुधीचा छोटा तुकडा जिभेला लावून पाहावा, आणि कडू लागला तर आख्खा दुधी फेकून द्यावा. कडू म्हणजे गुणकारी हा समज इथे जिवावर बेततो.

यानंतरचा विषय वनस्पतीचा नाहीच, पण तो वनस्पतीच्या नावाखाली घरात येतो. सांधेदुखीच्या पुड्या आठवडी बाजारात, कधी बसस्थानकाजवळ, कधी ओळखीतून मिळतात. कागदाच्या चौकोनी पुड्या, आत तपकिरी भुकटी, वर नाव-गाव काही नाही. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो. इतक्या लवकर गुण आला की मला शंका येते, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके मिसळलेली सापडली आहेत. दोन्हींनी रक्तदाब वाढतो. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडांवर तिहेरी घाव बसतो. उलट्या-जुलाब होऊन अंगातले पाणी कमी झाले असेल तर मूत्रपिंडे काही दिवसांत बंद पडू शकतात. आपल्या वडिलांच्या गोळीत यांतली पहिली दोन आधीच आहेत. म्हणून त्यांना पुड्यांपासून कटाक्षाने दूर ठेवा. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली गेली असेल तर तीही एकदम तोडू नये, डॉक्टरांकडे न्यावी, कारण स्टेरॉइड अचानक थांबले तरी त्रास होतो. ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये न सांगता सिल्डेनाफिल हे पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरचे औषध घातलेले असते. हृदयासाठी नायट्रेटची गोळी, म्हणजे जिभेखाली ठेवायची किंवा रोजची, घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने जीवघेणा उतरू शकतो. लाजेपोटी हे लपवले जाते, पण निदान डॉक्टरांपासून लपवू नये.

परदेशातल्या मुलांकडे जाताना भस्मयुक्त (धातूंची भस्मे घातलेली) औषधे नेणाऱ्यांसाठी एक नोंद. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. शिशाने रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडे खराब होतात. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी वेष्टनावर नसेल ते घेऊच नये.

आता आपल्या वडिलांच्या बाबतीत प्रत्यक्ष काय करावे. घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, डब्या एका पिशवीत भराव्यात आणि ती पिशवी तशीच डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करावी. तोंडी सांगण्यात निम्मे राहून जाते. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन यांची तपासणी करावी. सात दिवस सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, मिनिटाभराच्या अंतराने दोनदा रक्तदाब मोजून वहीत लिहावा. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ च्या खाली असावी. वनौषधी पुन्हा सुरू करायच्या झाल्या तर एका वेळी एकच करावी आणि दोन आठवडे तिच्यावर राहावे, म्हणजे काही बिघडले तर कशाने बिघडले ते कळते. चार वस्तू एकदम सुरू केल्या की दोष कोणाचा हे मलाही सांगता येत नाही.

गोळ्या सोडण्याबद्दल शेवटी लिहितो, कारण त्या प्रश्नामागची आशा मला समजते. काढ्याने बरे वाटते ते खरे असेलही, पण वडिलांचा रक्तदाब गोळ्यांवर असताना १३४ आहे. तो काढ्यामुळे आहे की गोळ्यांमुळे, हे गोळी चुकवून पाहणे हा प्रयोग महाग पडतो. मेटोप्रोलोल किंवा क्लोनिडिन अचानक थांबवले तर रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन यांच्या बाबतीत उसळी नसते, पण काही दिवसांत तो हळूच पूर्वपदावर जातो, आणि डोके दुखत नाही म्हणून कळतही नाही. गोळ्या खरोखर कमी करता येतात. वजन पाच-सहा किलो उतरले, मीठ घटले, रोज अर्धा-पाऊण तास चालणे झाले आणि सरासरी महिनोन्‌महिने १२० च्या आसपास राहिली, की मी स्वतः रुग्णाची मात्रा कमी करतो, एका वेळी एकच गोळी, आणि त्यानंतर चार आठवडे वही पुन्हा भरून घेतो. वडिलांना हे सांगा आणि त्या वहीचे पहिले पान ज्येष्ठमध बंद केल्याच्या तारखेने सुरू करा. मधल्या काळात आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखणे, धाप, बोलताना अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काही दिसले, तर काढा-गोळीचा विचार न करता तडक रुग्णालयात न्यावे.